लाळ काय सांगते?

आपल्या तोंडात रात्रंदिवस पाणी सुटत असते. त्याला कोणी लाळ म्हणतात, कोणी थुंकी म्हणतात. थुंकी म्हटली की आपण नाक मुरडतो. पण ही लाळ मोठी कामाची आहे. तिच्यावाचून भाकरीचा घास गिळता येणार नाही. चार शब्द नीट बोलता येणार नाहीत.

लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आपल्याला असतात. एक जोडी कानांच्या पुढे, दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठांत आणि गालांत बारीक ग्रंथी पुष्कळ आहेत. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणीच असते. उरलेल्या एका भागात मात्र बरेच काही असते.

त्याची परीक्षा घरीच करून पाहा. नुसत्या भाताचा घास तोंडात घ्या आणि गिळू नका. बराच वेळ चावत राहा. हळूहळू तो घास गोड लागू लागेल. भातात साखर घातली नव्हती. मग गोडी कुठून आली? लाळेतल्या रसाने भाताच्या पिठाची साखर केली.

ही लाळ तोंडाच्या कानाकोपऱ्यांत फिरते. दातांवरून जाते, हिरड्यांना लागते. जिथे जाते तिथले काही ना काही बरोबर घेते. म्हणून लाळ तपासली तर हिरड्यांची बातमी कळते. ती कशी कळते आणि आपल्याला तिचा काय उपयोग, हे या पाठात पाहू.

दात कशाने धरलेला असतो?

पुष्कळांना वाटते, भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला आहे. तसे नाही. दाताचे मूळ जबड्याच्या हाडात असते, पण हाडाला चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये असंख्य बारीक तंतू असतात. काथ्याच्या दोऱ्यांनी होडी बांधावी तसा दात या तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. वरून हिरडीचे पांघरूण असते.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. साऱ्या रोगाची सुरुवात या खाचेत होते.

आपण जेवतो. अन्नाचे कण दातांवर राहतात. तोंडात जंतू असतातच. हे जंतू दातांच्या बुडाशी चिकट थर धरतात. सकाळी उठल्यावर दातांवरून नख फिरवा. नखाला पांढरट, चिकट काहीतरी लागेल. तोच हा थर. तो रोज काढला तर निघतो. राहू दिला तर लाळेतील क्षारांनी दगडासारखा कठीण होतो. त्याला आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही, चुळीनेही निघत नाही.

या थराने हिरडी सुजते, लाल होते. दात घासताना रक्त येते. जुन्या लोकांनाही हे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत हिरड्यांतून रक्त येण्याच्या रोगाला शीताद असे नाव दिले आहे.

१९६५ साली डेन्मार्क देशात हाराल्ड ल्यो नावाच्या दंतवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी बारा निरोगी माणसे घेतली आणि त्यांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा दात घासायला सांगितले. साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्वीसारख्या झाल्या.

या प्रयोगातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. हिरड्यांची सूज मळाने येते, ही पहिली. वेळेवर सफाई केली तर ती पूर्ण बरी होते, ही दुसरी.

बांध आणि खारे पाणी

पण वेळ गेली तर काय होते? सगळ्यांच्याच हिरड्यांची सूज पुढे जात नाही. मात्र कित्येकांची जाते. सूज खाली उतरते. दाताला बांधणारे तंतू तुटतात. खाच खोल होत जाते. चार मिलिमीटर, पाच, सहा. मग जबड्याचे हाड झिजू लागते. गेलेले हाड आपोआप परत भरत नाही. शेवटी दात हलतो आणि एक दिवस पडतो. यालाच लोक पायरिया म्हणतात.

खाडीकाठच्या आपल्या जुन्या लोकांना हे समजावून सांगायला नको. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे जमिनी गेल्या, नवी मुंबई उभी राहिली. त्याआधी इथे खारजमिनीत भातशेती होती. भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालावा लागे. त्या बांधाला खेकडे बिळे पाडत. बांध वरून धडधाकट दिसे, पण आतून पोखरलेला असे. जाणता शेतकरी बांध फुटण्याची वाट पाहत नसे. आतल्या बाजूचे पाणी खारट लागले की तो समजे, कुठेतरी पाझर आहे. तो लगेच बीळ शोधून चिखलाने बुजवी.

हिरड्यांचा रोग असाच गुपचूप पोखरतो. किडलेला दात ठणकतो, माणसाला रात्रभर जागवतो. म्हणून माणूस दवाखाना गाठतो. पायरिया बहुधा दुखतच नाही. वर्षानुवर्षे कळत नाही. दात हलू लागला म्हणजे कळते. तोवर बांध फुटलेला असतो.

हा रोग थोडाथोडका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे जगात शंभर कोटींहून अधिक माणसांना हिरड्यांचा तीव्र रोग आहे.

मग आतल्या पाण्याची चव आधीच घेता येईल का? येते. ते पाणी म्हणजे आपली लाळ.

बेडकाच्या शेपटीची गोष्ट

पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिल्ले पोहताना आपण पाहतो. त्यांना माशासारखे शेपूट असते. मोठ्या बेडकाला शेपूट नसते. मग ते शेपूट जाते कुठे? ते गळून पडत नाही. पिल्लाच्या अंगातच विरघळून जाते.

१९६२ साली अमेरिकेत बॉस्टन शहरात जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या दोघा शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधले. शेपटीत एक रस तयार होतो. अशा रसाला विकर म्हणतात. मांसाला बळकटी देणारे जे चिवट तंतू असतात, त्यांना हे विकर कात्रीसारखे कापते. तंतू कापले गेले की शेपूट विरते.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हिरड्यांच्या पाठात बेडूक कुठून आला? ऐका, बरं का. त्याच कुळातले एक विकर माणसाच्या अंगातही आहे. त्याचे नाव एम.एम.पी.-८. आणि दाताला बांधणारे तंतू त्याच चिवट जातीचे आहेत.

हे विकर आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींजवळ असते. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. हिरडीत जंतू शिरले की आजूबाजूच्या पेशी मदतीचे निरोप धाडतात. या निरोपांनाही शास्त्रज्ञांनी नावे दिली आहेत. त्यातल्या एकाचे नाव इंटरल्यूकिन. निरोप मिळताच शिपाई धावत येतात, जंतूंशी लढतात आणि लढताना हे विकर सोडतात. थोडे दिवस लढाई चालली तर बिघडत नाही. पण दातांवरचा मळ तसाच राहिला तर लढाई संपतच नाही. चोराला हुसकण्यासाठी शेतात शिरलेले लोक महिनोन् महिने तिथेच तुडवत राहिले तर पीक राहील का? तसेच इथे होते. जंतूंना मारायला निघालेले विकर आपल्याच दाताचे तंतू कापते.

हे विकर आणि हे निरोप खाचेतून पाझरतात आणि लाळेत मिसळतात. सूज जास्त, तर लाळेत त्यांचे प्रमाणही जास्त. यांनाच सुजेच्या खुणा म्हणतात.

पट्टीची तपासणी

फिनलंड देशात हेलसिंकी विद्यापीठात टिमो सोर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराचा बरीच वर्षे अभ्यास केला. त्यातून एक साधी पट्टी तयार झाली. करोनाच्या साथीत घरच्या घरी तपासणीची पट्टी निघाली होती, ती पुष्कळांनी पाहिली असेल. ही पट्टी तशीच असते.

आधी साध्या पाण्याने चूळ भरून टाकतात. थोडे थांबतात. मग शुद्ध पाण्याचा घोट तोंडात घोळवून पेल्यात घेतात. त्या पाण्यात लाळ आणि खाचेतला पाझर उतरलेला असतो. ते पाणी पट्टीवर घेतात. पाच-दहा मिनिटे थांबतात. एकच रेघ उमटली तर विकर कमी आहे. दोन रेघा उमटल्या तर विकर वाढलेले आहे, हिरडीत कुठेतरी लढाई चालू आहे.

सुई टोचावी लागत नाही. रक्त काढावे लागत नाही. दुखत नाही. दात वरून पांढरेशुभ्र दिसत असतानाही आतली गडबड यात दिसू शकते. उपचार केल्यावर सूज उतरली की नाही, हेही पुन्हा तपासून पाहता येते. सफाई नीट झाली की विकराचे प्रमाण खाली येते.

पण पट्टीच्या मर्यादाही समजून घ्या. लाळ साऱ्या तोंडाची असते. त्यामुळे कोणत्या दाताशी बिघाड आहे हे पट्टी सांगत नाही. किती हाड गेले हेही सांगत नाही. तोंडात दुसरी काही जखम किंवा सूज असली तरी खुणा वाढू शकतात. आणि एक रेघ आली म्हणून रोग नाहीच, असेही ठरत नाही. पट्टी हाक मारते. निवाडा दंतवैद्य करतो.

दंतवैद्याकडे काय करतात?

दवाखान्यात रोज होणारे हे संभाषण वाचा.

डॉक्टरीणबाई : मावशी, दात घासताना रक्त येतं का?

मावशी : येतं की. पण ते नेहमीचंच आहे. दुखत तर काही नाही.

डॉक्टरीणबाई : हाताला रोज सकाळी रक्त आलं असतं तर तुम्ही नेहमीचं म्हटलं असतं का?

मावशी : छे गं बाई! लगेच दवाखान्यात आले असते.

डॉक्टरीणबाई : मग हिरडी काय परकी आहे? आ करा बघू. ही बारीक सळई आहे. हिच्यावर मिलिमीटरच्या खुणा आहेत. दाताभोवतीची खाच किती खोल आहे ते मी मोजते.

मावशी : बाई, दात साफ करून घेतले तर ढिले होतात म्हणे. आमच्या जाऊबाईंचं तसंच झालं.

डॉक्टरीणबाई : सफाईनं दात ढिले होत नाहीत, मावशी. रोगानं आधीच ढिले झालेले असतात. फटींत किटण भरून राहिलेलं असतं. ते काढलं की फटी मोकळ्या लागतात, थोडे दिवस दात शिवशिवतात. हिरडी बरी झाली की ती दाताला घट्ट धरते.

सळईने खाच मोजणे, रक्त येते का पाहणे आणि गरज पडली तर क्ष-किरणाने हाडाचे चित्र काढणे, ही या रोगाची खरी परीक्षा. लाळेची पट्टी तिच्या जागी येत नाही, तिच्या मदतीला येते. जिथे दंतवैद्य जवळ नाही तिथे कोणाला आधी पाठवावे हे ठरवायला अशी पट्टी मोठी उपयोगी पडेल.

आपल्या नवी मुंबईत दंतवैद्यांची वाण नाही. नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे आणि तेरणा संस्थेचे दंत महाविद्यालय आहे. बेलापूरला भारती विद्यापीठाचे आहे. खारघरला येरळा मेडिकल ट्रस्टचे आहे, कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे आहे. या महाविद्यालयांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. शिकाऊ डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्णांना तपासतात. ज्यांच्या भातखाचरांच्या जागी ही शाळा-कॉलेजे उभी राहिली, त्यांनी तरी त्यांचा उपयोग करून घ्यावा. लांबून माणसे येतात, आणि गावठाणातला माणूस मात्र दात पडेपर्यंत घरी बसतो, हे बरे नव्हे.

मशेरी आणि बिडी

आता थोडे कडू बोलतो. राग मानू नका.

आपल्याकडे कित्येक घरांत बायाबापड्या सकाळी मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर भाजायची, काळी करायची, कुटायची आणि हिरड्यांवर घासायची. याने दात स्वच्छ होतात असे त्यांना वाटते. मशेरी हे दंतमंजन नव्हे. ती तंबाखूच आहे. लावल्यावर बरे वाटते ते तंबाखूच्या नशेमुळे. मशेरीने हिरडी उतरते, दाताची मुळे उघडी पडतात. पुढे तोंडाच्या कॅन्सरचीही भीती असते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण मशेरी घरच्या घरी होते. तिच्यावर बंदी आपली आपणच घातली पाहिजे.

बिडी-सिगारेटची गोष्ट आणखी फसवी आहे. बिडीच्या धुराने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. त्यामुळे हिरडी सुजली तरी रक्त कमी येते. माणूस म्हणतो, माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही, मी ठीक आहे. आत मात्र हाड झिजत असते. बिडी ओढणाऱ्याने रक्ताची वाट पाहू नये. आधीच तपासून घ्यावे.

साखरेच्या रोग्यांनी अधिक जपावे

ज्यांना मधुमेह आहे, त्यांना हिरड्यांचा रोग लवकर होतो आणि जोरात होतो. उलटही खरे आहे. हिरड्यांची जुनी सूज रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला आड येते. हिरड्यांचा उपचार केल्यावर साखर थोडी उतरते, असे पुष्कळ तपासण्यांत दिसून आले आहे. म्हणून साखरेचे औषध घेणाऱ्याने दंतवैद्याला तसे आवर्जून सांगावे. आणि साखरेच्या डॉक्टरला हिरड्यांतून रक्त येते हे सांगावे. दोघांना दोन्ही गोष्टी कळल्या पाहिजेत.

रोजचे काम

लाळेची परीक्षा शास्त्रज्ञांनी शोधली. पण चिकट थर रोज काढण्याचे काम कोणताही शास्त्रज्ञ आपल्यासाठी करणार नाही. ते आपणच करायचे.

दिवसातून दोनदा दात घासा. सकाळी एकदा, रात्री जेवणानंतर एकदा. रात्रीचे विसरू नका. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून जंतूंना मोकळे रान मिळते.

ब्रश मऊ घ्या. तो दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरपा धरा. हलक्या हाताने, दोन मिनिटे घासा. जोर लावू नका. आपण दात घासतो, भांडे घासत नाही.

कोळसा, विटेची पूड, राखुंडी, वाळू यांनी दात झिजतात आणि हिरडी सोलवटते. ती वापरू नका. कडुलिंबाची काडी वापरायची तर टोक चावून मऊ कुंचल्यासारखे करा आणि हिरडीला टोचू देऊ नका.

दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही. फटींसाठी बारीक ब्रश किंवा दोरा मिळतो. तो कसा वापरायचा ते दंतवैद्याकडून शिकून घ्या. टाचणीने किंवा काडेपेटीच्या काडीने कोरू नका.

रक्त येते म्हणून घासणे सोडू नका. मळाने रक्त येते. घासणे सोडले तर मळ वाढतो आणि रक्तही वाढते. आठ-दहा दिवस नीट घासूनही रक्त थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवा.

दात गेला तर नुसते तोंडच पोकळ होत नाही. भाकरी चावत नाही. ऊस, चणे, शेंगदाणे सुटतात. बोलणे बोबडे होते. माणूस चारचौघांत हसायला लाजतो. हे सारे म्हातारपणाचे भोग म्हणून सोसण्याचे कारण नाही. पुष्कळ वेळा ते वेळेवर न पाहिलेल्या सुजेचे फळ असते.

ध्यानात ठेवा

१. हिरडीतून रक्त येणे नेहमीचे नव्हे. ती रोगाची खूण आहे.
२. हिरड्यांचा रोग दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.
३. सुरुवातीची सूज सफाईने पूर्ण बरी होते. गेलेले हाड आपोआप भरत नाही.
४. लाळेत सुजेच्या खुणा सापडतात. पट्टी त्या दाखवते. निवाडा दंतवैद्य करतो.
५. मशेरी म्हणजे तंबाखू.

कठीण शब्द

ग्रंथी : शरीरात रस तयार करणारा अवयव.
विकर : शरीरातला रस, जो एका पदार्थाचे तुकडे करतो किंवा त्याचा दुसरा पदार्थ करतो.
तंतू : धागा.
क्षार : पाण्यात किंवा लाळेत विरघळलेला खनिज पदार्थ.
किटण : दातांवर जमून कठीण झालेला मळ.
निवाडा : निर्णय.

प्रश्न

१. नुसता भात बराच वेळ चावला तर गोड का लागतो?
२. दात हाडाला कशाने बांधलेला असतो?
३. डेन्मार्कमधल्या बारा माणसांनी दात घासणे बंद केल्यावर काय झाले? पुन्हा घासू लागल्यावर काय झाले?
४. पट्टीवर दोन रेघा आल्या तर काय समजावे? काय समजू नये?
५. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी का येते?
६. तुमच्या घरात कोणाच्या हिरड्यांतून रक्त येते का? आज घरी विचारा. येत असेल तर त्यांना हा पाठ वाचून दाखवा.